रिकाम्या खुर्च्यांची सुनावणी

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजची सुनावणी जेवणाच्या आधीच आटोपली! घरी येऊन गरम गरम जेवले, वर एक झकास डुलकी काढली. हे म्हणाले, संस्था चालवतेस की पेन्शन खातेस?

गेल्या वर्षी निधीसाठी अर्ज केला तेव्हा सगळे हसले होते. अटच तशी – नागरिकांची संस्था आणि सरकारी कार्यालय, दोघांनी मिळून विभागाचा कारभार सुधारायचा. ज्यांच्या दारात आम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, त्यांच्याशीच भागीदारी! पण जमलं. दर गुरुवारी सभागृहात कार्यालयाचे साहेब बसतात, समोर लोक, आणि माईक माझ्या नणंदेच्या हातात. साहेबांना आम्ही ‘बघतो-साहेब’ म्हणायचो, कारण दुसरं काही त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. वन्संनी पहिल्याच दिवशी विचारलं, कधी बघता? तेव्हापासून बिचारे मुकाट्याने तारीख सांगतात. आणि पाळतातही.

१३ फेब्रुवारी

चार माणसं. चौघांचीही कामं तिथल्या तिथे झाली. उरलेला वेळ साहेब, वन्सं आणि मी शेंगदाणे खात बसलो.

१७ फेब्रुवारी

निधीवाल्या बाईंचा फोन. पुढच्या गुरुवारी, सत्तावीसला, पाहणीला येणार. दुसऱ्या वर्षाचा निधी द्यायचा की नाही, ते त्यावर ठरणार. बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही अर्जात लिहिलं होतंत ना, वर्षभरात उपस्थिती दुप्पट करू म्हणून – तेच बघायचंय.

लिहिलं होतं! मीच, मोठ्या ऐटीत. नळाला पाणी आलं, दाखले वेळेवर मिळू लागले, की लोक कशाला येतील तक्रार करायला? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. निधीवाल्यांच्याही नाही, तेवढंच समाधान.

माझं काही अडत नाही. ह्यांची पेन्शन आहे. पण वन्संचा पगार ह्या निधीतून निघतो. यजमान गेल्यापासून घर त्यांच्या एकटीवर, आणि कापडदुकानातली पक्की नोकरी त्यांनी माझ्या शब्दावर सोडली. जीव नुसता टांगणीला लागलाय.

२० फेब्रुवारी

साहेबांना अडचण सांगितली. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “मग एखादा पाईप फोडून ठेवू का?”

वर्षभरात पहिल्यांदा विनोद केला माणसाने. मुहूर्त तरी बघावा!

२६ फेब्रुवारी

वन्सं दिवसभर कोपऱ्यात जाऊन फोनवर कुजबुजत होत्या. विचारलं तर म्हणे, काही नाही वहिनी, तुम्ही उद्याची साडी काढून ठेवा. त्यांनी असं म्हटलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

२७ फेब्रुवारी

काय सांगू! सभागृहात पाय ठेवला तर निम्म्या खुर्च्या भरलेल्या. सगळ्या बायका. वन्संच्या गल्लीतला अख्खा शिवणवर्ग आणून बसवला होता. मी डोळे वटारले, वन्संनी छताकडे बघितलं.

निधीवाल्या बाई खूश. त्या थेट पहिल्या रांगेत गेल्या आणि एका आजींशेजारी बसल्या. तुमची काय तक्रार आहे, असं विचारलं. आजींनी आठवायचा प्रयत्न केला, शेजारणीकडे बघितलं, मग सरळ सांगून टाकलं, “पाणी येतं, रस्ता झाला, दिवे लागले. आता खोटं कशाला बोलू बाई? हिने बोलावलं म्हणून आलो.”

बोट वन्संकडे!

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. पण वन्सं उठल्या, माईक घेतला आणि म्हणाल्या, वहिनींना ह्यातलं काही माहीत नव्हतं, अक्कल माझी. मग बाईंनी एकेकीला विचारायला सुरुवात केली – आधी काय होतं, आता काय आहे. बायका ज्या सुटल्या! वर्षानुवर्षं हंडे वाहिलेल्या होत्या त्या. साहेब खाली मान घालून ऐकत होते, पण कान लाल झालेले दिसत होते. मला मेलीला रडूच आलं. लाज होती, पण त्याहून आनंद जास्त होता.

६ मार्च

निधी नाही. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. काम उत्तम, पण कबूल केलेला आकडा गाठला नाही, नियमापुढे इलाज नाही. आवाज खरंच पडला होता त्यांचा. आमचीच चूक, त्यांना काय बोलायचं?

वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, दुकानवाल्याला विचारून बघते. मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

१० मार्च

साहेब घरी आले! चहा घेतला, बशीत ओतून. म्हणाले, गुरुवारची सुनावणी आता कार्यालयच चालवणार, स्वतःच्या खर्चाने. वरून मंजुरी आली आहे. ती चालवायला एक माणूस नेमायचा आहे.

मी पदर सावरून बसले. हो, खोटं कशाला लिहू – मला वाटलं, मलाच विचारताहेत.

“तुमच्या नणंदबाई येतील का?” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर माझी माणसं टाळाटाळ करत नाहीत.”

मी हसून म्हटलं, विचारा की त्यांनाच. साहेब गेल्यावर ह्यांच्यावर उगाच खेकसले. हे म्हणाले, तुला हवं होतं तेच झालं ना? झालं. तरी टोचलंच.

११ मार्च

वन्सं सकाळीच आल्या. उंबऱ्यातच उभ्या. “तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही वहिनी.”

किती वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं! सगळा राग कुठल्या कुठे गेला. जवळ घेतलं त्यांना. म्हटलं, जा, आणि पगार वेळेवर नाही झाला तर साहेबांना माईकवरूनच विचारा.

२६ मार्च

संस्थेची खोली रिकामी केली. किल्ली घरमालकाला दिली. घरी येऊन दुपारभर मस्त झोपले.

३ एप्रिल, गुरुवार

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. तक्रार घेऊन सुनावणीला गेले. मी थेट पुढे निघाले, तर वन्संनी माईकवरून अडवलं. “बाई, मागे बसा. तुमच्या आधी दोघं आहेत.”

बसले.