सत्तेचाळीस नंबरचं बाळ

सोमवार, ३
आधी कबूल करून टाकतो. आज मी जे केलं ते करायला नको होतं. पण मजा आली.

दफनभूमीतल्या नोकरीचा पहिला दिवस. गवत कापायचं, झाडांना पाणी घालायचं. फाटकाजवळची खोली फुकट, खिडकीत ऊन. आई म्हणाली, तुझी बडबड निमूट ऐकून घेतील असे शेजारी मिळाले एकदाचे.

मागच्या भिंतीशी जन्मतःच मेलेल्या बाळांची रांग आहे. दगड नाही, नाव नाही. नुसत्या लोखंडी खुंट्या आणि तारेने बांधलेले पत्र्याचे नंबर. जागा मिळेल तिथे पुरलेलं, त्यामुळे नंबर क्रमाने नाहीत. नकाशा वाळवीने खाल्लाय. मुकादम ऐटीत म्हणाले, तीस वर्षं झाली, डोळे बांधून कुठला नंबर कुठे ते सांगतो. ते चहाला गेले तसे मी आठ पत्रे इकडचे तिकडे केले. आल्यावर मुकादम बदललेले पत्रेच वाचत वाचत सगळे ‘ओळखत’ गेले. हसून हसून पोट दुखलं.

परत लावायला गेलो तर कुठला कुठे होता तेच आठवेना. म्हटलं, जाऊ दे, विचारायला कोण येतंय.

बुधवार, १२
आली. एक आजी. हातात चिठ्ठी, तिच्यावर ४७. नवरा गेल्यावर त्याच्या पाकिटात सापडली म्हणे. एकेचाळीस वर्षांपूर्वी मुलगा झाला, तो रडलाच नाही. तिला दाखवला नाही, हातात दिला नाही. नवऱ्याने परस्पर पुरला आणि जन्मभर त्यावर अवाक्षर काढलं नाही.

सत्तेचाळीस कुठे रे बाळा, असं तिने मलाच विचारलं. मी पत्र्याकडे बोट दाखवलं. ती खाली बसली आणि मातीला म्हणाली, “उशीर झाला रे राजा. रागावलास?”

सत्तेचाळीस त्या आठांतलाच. 

मंगळवार, १८
आजीने छोटा दगड बसवून घेतला. रोज येते, राजा राजा करत गप्पा मारते. आज म्हणाली, डॉक्टरांनी हात टेकलेत, महिनाभर काढीन फार तर. शेजारची जागा तिने स्वतःसाठी ठरवलीय. एकदा तरी कुशीत घेऊन झोपायचंय म्हणते.

सांगणार होतो. तेवढ्यात म्हणाली, आताशा मला शांत झोप लागते.

नाही सांगितलं.

गुरुवार, २०
सकाळपासून डावा हात जड. तीनेक किलोचं काहीतरी कोपरात ठेवल्यासारखं. मुकादम म्हणाले, काम टाळायचा नवा बहाणा.

दुपारी लक्षात आलं, मी उभ्या उभ्या डुलतोय. जोजवल्यासारखा. हात सरळ होत नाही.

शनिवार, २२
गार आहे ते. हलत नाही, रडत नाही. रडलं असतं तर बरं —

हात तसाच घेऊन रांगेतून चाललो. पहिली खुंटी, दुसरी, काही नाही. सहावीपाशी हात एकदम हलका झाला. सरळ झाला.

सापडला. खरा सत्तेचाळीस हाच.

दगड उपटून इकडे बसवला, पत्राही. आजीला सांगेन, तिकडची माती खचली होती. एवढं एकच खोटं. मग सुटलो.

रविवार, २३
उजवा हात.

हा दुसरा आहे. ज्याच्यावरचा दगड काढला, तो. त्याच्याकडे कधीच कुणी आलं नव्हतं. मग ही आली. दहा दिवस राजा म्हणाली. त्याला वाटलं, आपलीच —

दगड परत नेला. डावा जड. इकडे आणला. उजवा.

चार वेळा. तेच.

सोमवार, २४
आता दगड कुठेही ठेवा — दोन्ही.

बोटं तेवढी हलतात. वाकून लिहितोय. आजी फाटकातून आत आलीय. दगड मधेच पडलाय, विचारेल, कुठला माझा? काय सांगू? दोन आहेत म्हणू? कूस एकच आणि —

वाचणाऱ्या, तुझ्या पाया पडतो, तिला सांगू नको. मुकादमांना नको, माझ्या आईला नको, कुणालाच नको. तिला झोप लागते रे. तेवढी तरी —

दारात उभी आहे. दगडाचं विचारतच नाही. माझ्या हातांकडे बघतेय.

दोन्ही हात पुढे केले तिने — आणि हे — दोघंही — आता रडाय