भावोजींच्या तोंडावर मारलेल्या मिठाची हकिगत

ती. सौ. आवडाताईस,

धाकट्या बुधाजीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) इकडे तुझी भावजय ठमी बरी आहे, नात अमिषा कॉलेजला जाते आणि माझी साखर डॉक्टरांच्या मनासारखी नसली तरी माझ्या मनासारखी आहे. तुझी कंबर कशी आहे? भावोजींची प्रकृती कशी आहे? विशेषतः डोळे? तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र थळला धाडतो आहे. फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

गुरुवारी माझ्या दारात भावोजींचं जे झालं, त्याला एक कोरियन मालिका जबाबदार आहे. अमिषाने ती टीव्हीवर लावून दिली. नाव मला उच्चारता येत नाही, ठमी तिला 'ती केसवाली' म्हणते. समुद्रकाठच्या गावात एक बहीण भर वादळात भावाकडे येते. भाऊ कशावरून तरी रुसून बसलेला. ती तीनदा दार वाजवते, तो उघडत नाही आणि ती लाटेत वाहून जाते. तेव्हापासून वर्षानुवर्षं ती पांढऱ्या कपड्यांत, केस सोडून दारोदार फिरते आणि तीनदा टकटक करते. एकूण सोळा भाग आहेत. मी ते दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून, ठमीला शेजारी बसवून पाहतो. भीती वाटते म्हणून नव्हे, उकडतं म्हणून. मी भित्रा नाही हे तुला ठाऊकच आहे. (वेताळाच्या देवळापासून तू मला पाठीवर घेऊन घरापर्यंत पळत आली होतीस, ती गोष्ट वेगळी. तेव्हा मी लहान होतो. अकरा वर्षांचा.)

मालिकेबद्दल माझं मत विचारशील तर माणसं सज्जन आहेत. भूत मागे लागलेलं असतानाही चपला दाराबाहेर काढून मगच आत पळतात. असे संस्कार आपल्याकडे आता कुठे राहिलेत? जेवतातही सारखी. माडीवर भूत आणि खाली ही मंडळी शेवया ओरपतायत. दिवा मात्र कोणी लावत नाही. शिवाय सगळ्यांची कातडी इतकी तुळतुळीत, की आई कोणती आणि मुलगी कोणती हे चौथ्या भागापर्यंत कळत नाही. ते सगळं मी चालवून घेतलं. डोकं फिरलं ते मिठावरून.

त्यांच्याकडे भूत घालवायला मीठ मारतात. एक देवर्षीण घुंगरं वाजवत येते आणि मूठभर मीठ फेकते. ताई, काय सांगू, ते मीठ पिठासारखं होतं! पांढरंफटक, बारीक, पिशवीतलं. असल्या मिठाने मुंगी तरी हलेल का? भूत हसलं, ते बरोबरच हसलं. आपल्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या. मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो आणि त्या बाईला ओरडून सांगितलं, "अगं बाय, खडं मार, खडं!" तिने ऐकलं नाही आणि त्याच भागात मेली.

मग मी माळ्यावरच्या पोत्यातलं वाडगाभर खडेमीठ काढून खुर्चीशेजारी ठेवलं. (मिठागराच्या जागी आता कंटेनर रचलेत. आपली अशी दोनच पोती उरलीत.) गुरुवारी चौदावा भाग चालू होता. ठमी मागीलदारी मासे साफ करत होती. पडद्यावर टकटक टकटक टकटक झालं. बाई थांबली, आणि तेवढ्यात माझ्या दारावर टकटक टकटक टकटक. मी वाडगा घेऊन दार उघडलं. समोर पांढरे कपडे, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला पांढरा पंचा आणि हातात काहीतरी लाल, ओघळणारं. मी मूठ मारली. जवळून मारली. त्यांनी नेमकं "बुधाजीराव" म्हणायला तोंड उघडलं होतं.

ठमी कोयता घेऊनच धावत आली. "अवो, भावोजी हायत ते! भूत न्हाय!" असं ओरडली. तिच्या हातात कोयता बघून भावोजींना काय वाटलं असेल देव जाणे. ते थुंकले, डोळे पुसले, हातातलं ओट्यावर ठेवलं आणि करंजा बंदरातल्या लाँचकडे निघून गेले. मी मागून "दृष्ट काढली, भावोजी, दृष्ट काढली!" म्हणून हाका मारल्या. ते थांबले नाहीत.

लाल ओघळणारं ते तुझं कैरीचं लोणचं होतं. बरणीखाली रुचिकाच्या लग्नाची पत्रिका होती, तेलाने भिजलेली, आणि पाकिटावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'मामाने चार दिवस आधी यावे.' ते वाचून मी ओट्यावरच बसलो.

ताई, आता खरं लिहितो. तीन वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला तू पिशवीतलं मीठ आणलंस. तुमच्या मिठात चिखल असतो, डॉक्टर हेच खा म्हणतात, असं चार माणसांत म्हणालीस. आईने ज्या मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या त्याला तू चिखल म्हणालीस, याचा मला राग आला. मी तुझी पिशवी उचलून बाहेर ठेवली. तू न जेवता गेलीस. तू फाटकापाशी थांबली होतीस, मी पाहिलं होतं. हाक मारली असती तर फिरली असतीस. मी मारली नाही. तो कोरियन भाऊ मला एवढा का झोंबतो, ते आता तुला सांगायला नको.

आणि तुझ्या लोणच्याच्या तळाशी मला एक न विरघळलेला खडा सापडला. मी तो धुऊन चाखला. आपल्या मिठाइतका चांगला नाही, पण खडाच. एवढ्यावरून मी आशा धरून आहे.

रुचिकाला मांडवात आणायला मामा कोण, ते अजून तेच आहे ना? की भावोजींनी दुसरा पाहिला? एवढंच कळव. भावोजींना दंडवत, रुचिकाला आशीर्वाद.

तुझा,
बुधाजी

ता. क. पत्र अमिषाच्या हाती देतो आहे. सोबत पाच किलो खडेमीठ आहे. दोनदा चाळलं, चिखल नाही. लग्नाच्या जेवणात घाल किंवा घालू नकोस. मी जे वाढशील ते जेवीन.

ता. क. २. शेवटचे दोन भाग राहिलेत. भाऊ शेवटी दार उघडतो की नाही, ते एकट्याने बघायची माझी हिंमत नाही. (वर उकडतं म्हणून लिहिलंय ते खोटं आहे.) चार दिवस आधी येतो. आपण दोघं बसून बघू. तू माझा हात धर.

ता. क. ३. सतरा तारखेला दुपारी दारावर तीनदा टकटक झाली तर मीच असेन. भावोजींना मूठभर मीठ घेऊन उभं राहायचं असेल तर खुशाल राहू देत. पिशवीतलंही चालेल. दार तेवढं उघड.