चौथ्या अंकावरचं भांडण

३ डिसेंबर

नवऱ्याचा आकडा या वेळीही बसत नाही. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक जगात बऱ्याच प्रयोगशाळांनी मोजलाय. बाकीचे निदान एकमेकांच्या आसपास तरी आहेत. याचा चौथ्या अंकातच वर निघून जातो. आणि सगळ्यांचे आकडे तपासून जगाला एकच किंमत सुचवणाऱ्या समितीवर कोण, तर मी! आपलेच दात, आपलेच ओठ.

३१ तारखेपर्यंत हाती आलेलंच धरायचं, असा नियम आहे. मग पुढची चार वर्षं कोणी तक्रार करायची नाही.

४ डिसेंबर

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "स्थिर म्हणता ना त्याला? मग दर चार वर्षांनी बदलता कसा?"

म्हटलं, तो नाही बदलत आई, आपलं त्याच्याबद्दलचं मत बदलतं.

"मग मत म्हणा की."

नवरा ताटात बघत जेवत राहिला. त्याचं मत अकरा वर्षांत बदललेलं नाही.

८ डिसेंबर

निघायची तयारी. हा दारात उभा राहून विचारतो, "माझ्या बाजूने बोलणार नाहीस ना?" नाही म्हटलं. "आणि विरोधात?" तेव्हा मी खोलीतच नसते रे. घरच्या माणसाचा आकडा आला की उठून बाहेर जायचं, ही समितीची रीत. त्याला हे पाठ आहे, तरी विचारतो.

११ डिसेंबर

बैठक. हॉटेलात गरम पाणी नाही.

आकडे जुळत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या आकड्यापुढची 'इतकं इकडेतिकडे' ही सूट थोडी थोडी ताणायची, असं ठरलं. पुरेशी ताणली की सगळे एकमेकांत बसतात आणि कोणीच खोटं ठरत नाही. आमचा संसार याच पद्धतीवर चाललाय. पण नवऱ्याला बसवायचं तर इतकं ताणावं लागेल, की बाकीचे चिडतील.

१२ डिसेंबर

त्याचा आकडा आला. मी बाहेर. मशीनचा चहा बेचव होता, तरी दोन प्याले.

अध्यक्षांनी दार उघडलं ते दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून. "मॅडम, ताजी एक फेरी करून पाठवा म्हणावं, ३१च्या आत. तोच आकडा आला तर या वेळी वगळतोय."

नवऱ्याला फोन केला. म्हणाला, "बरं."

अकरा वर्षं आणि नुसतं "बरं". मला तिथेच, मशीनजवळ रडू आलं.

१५ डिसेंबर

फोन उचलत नाही. सासूबाई म्हणतात, जेवतो पण बोलत नाही. म्हणजे ठीक आहे.

१८ डिसेंबर

घरी आले. फेरी झाली. आकडा खाली आलाय — इतरांमध्ये अगदी चपखल! मी जवळ गेले तर म्हणतो, थांब.

"तीच तार, तीच दांडी, तेच गोळे. मी काहीही बदललेलं नाही. मग आत्ताच कसा आला?"

म्हटलं, आला ना, पाठवून दे. तर असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगितली.

१९ डिसेंबर

संस्थेत माझ्या खोलीत आला. कधी येत नाही. हातात मोजपट्टी. माझ्या खुर्चीपासून भिंतीपर्यंतचं अंतर घेतलं. भिंतीपलीकडे त्याची प्रयोगाची खोली.

"सकाळी इथेच बसतेस?"

हो.

"आणि दुपारी?"

दुपारी वर, मीटिंगा. रोजचंच आहे. का?

माझ्या खुर्चीवर बसला आणि सांगितलं. त्याचे जड गोळे सकाळी तारेला टांगलेल्या दांडीच्या एका बाजूला असतात, दुपारी दुसऱ्या. दोन्ही वेळच्या ओढीतल्या फरकावरून त्याचा आकडा निघतो. आणि गोळा ओढतो तसं माणूसही ओढतं, भिंतीआडूनही. मी बैठकीला गेले तेवढेच दिवस, म्हणजे ताज्या फेरीत, दांडीला फक्त गोळ्यांनी ओढलं.

अकरा वर्षं जो आकडा घेऊन हा जगाशी भांडला, त्यातला वरचा भाग मी होते.

२० डिसेंबर

सकाळी चहा ठेवताना म्हणाला, सगळी वर्षं दुरुस्त करता येतील, ३१च्या आत. फक्त तुझं वजन लागेल. दर वर्षीचं. खरं.