आलबेल नाही म्हणणाऱ्या मुलीच्या नावे

गणवेशातल्या माणसाला घरी कोणी विचारले, "कसा गेला दिवस?", तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येते, "बरा." दिवस आठवायलादेखील थोडा अवधी लागतो, मग हे उत्तर इतक्या लवकर येते कोठून? मृत्युपत्राचा आरंभ प्रश्नाने करू नये, असे आमच्या वकील हर्षदाताई देवरे यांचे मत आहे. परंतु याचे उत्तर दिल्यावाचून पुढील वाटणीचे कारण कळणार नाही, म्हणून तो सर्वांत वर ठेवला आहे.

मी, योगराज लोटू बाविस्कर, वय त्रेसष्ट, कारागृह खात्यातील निवृत्त हवालदार, मूळचा अमळनेर तालुक्यातील, हल्ली राहणार नवागाम, सुरत, हे मृत्युपत्र पूर्ण भानावर असताना स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते. मी ते जाणून लिहितो. दडपण म्हणजे काय, हे मी आधी नोकरीत शिकलो आणि नंतर बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मानसशास्त्राची पदवी घेताना त्याची व्याख्या वाचली. नोकरीतील शिक्षण अधिक सविस्तर होते.

१. प्रथम एका शब्दाचा खुलासा. संध्याकाळी कैद्यांची गणती जुळली, बराकींना कुलपे पडली, की पहारेकरी आपल्या जागेवरून आरोळी देतो, "आलबेल!" पुढचा ती ऐकून तशीच उचलतो, त्याच्या पुढचा त्याची उचलतो, आणि भिंतीला फेरी मारून शब्द मुख्य दरवाजाशी परत येतो. मूळचे इंग्रजी 'ऑल इज वेल'. आपल्या लोकांनी ते जिभेवर घोळवून गोल केले. किती सुरेख युक्ती आहे पाहा: एकाही माणसाने जागा न सोडता सगळी भिंत तपासून होते! मात्र ज्याच्या आरोळीला उशीर, तो डुलकी घेत होता असे धरले जाते. म्हणून उत्तर आधी, विचार नंतर. हीच सवय आम्ही घरी नेतो. वरील प्रश्नाचे उत्तर ते हेच. आता यातील उणीव लक्षात घ्यावी. ही आरोळी कुलपांविषयी आणि कैद्यांविषयी असते. पहारेकरी स्वतः कसा आहे, हे विचारणारी आरोळी अद्याप निघालेली नाही.

२. नवागाम येथील माझे स्वकष्टार्जित घर, दोन खोल्या व गच्चीसह, माझ्या पश्चात माझी मुलगी नूतन हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. माझी पत्नी शोभाबाई हिला त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. या देण्यास नूतनच्या नोकरीची अट नाही. ती नोकरीत राहो, स्वतः सोडो अथवा काढली जावो, घर तिचेच. हर्षदाताईंच्या मते हे वाक्य कायद्याला अनावश्यक आहे. घराला ते आवश्यक आहे. कारण असे:

नूतन कारागृहाच्या महिला विभागात सिपाही आहे. तेथील वरिष्ठ बाईंनी तिची साप्ताहिक सुटी ऐनवेळी रद्द करायची, हजेरीत सर्वांदेखत तिला "कॉलेजक्वीन" म्हणायचे, दरवाजावरची खुर्ची नेमकी तिच्या पहाऱ्याच्या वेळी उचलायची, असा परिपाठ ठेवला होता. प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर क्षुल्लक वाटते; तक्रारीत लिहायला गेले तर हसू येते. छळाची रचनाच तशी असते, हे शास्त्र सांगते. नूतन घरी येऊन "बरा" म्हणत असे.

गेल्या महिन्यात अधीक्षक साहेब पाहणीला आले होते. गणती जुळली, कुलपे पडली, नूतनच्या जागेवर आरोळी आली आणि ती खणखणीत म्हणाली, "आलबेल नाही!"

पुढच्या जागेवर रंजना सोळंकी उभी होती. तिने कानावर पडले तेच उचलले, "आलबेल नाही!" तिसरीने तिचे, चौथीने तिसरीचे. सवयीच्या बळावर सगळी भिंत नाही म्हणत मुख्य दरवाजाशी पोहोचली आणि तेथे धोक्याची घंटा झाली. काठ्या घेऊन माणसे धावली. गणती पुन्हा झाली, पुन्हा जुळली.

"कोण भाग्युं?" कोण पळाले, असे साहेबांनी गुजरातीत विचारले.

"कोणी नाही, साहेब. कैदी पूर्ण आहेत," नूतन म्हणाली. "मी बरी नाही. मला इथं कोणी विचारत नाही, म्हणून आरोळीत सांगितलं." आणि तिने सुट्या, खुर्ची, हजेरी, सगळे उभ्या उभ्या सांगितले.

साहेब रंजनाकडे वळले. "अन् तू कां बोली?"

"पहिल्यांदा सवयीनं, साहेब. मग वाटलं, खरंच तर आहे."

घरी आल्यावर नूतन उंबऱ्यावरच बसली. तिची आई घाबरली. "काबर रडी ऱ्हायनी वं?"

"रडत नही, माय. हासस मी."

खोटा इशारा दिल्याबद्दल तिच्याकडे खुलासा मागितला आहे, आणि वरिष्ठ बाईंचीही चौकशी सुरू आहे. निकाल अजून यायचा आहे. माझा मुलगा कुंदन त्या दिवशी म्हणाला, "माफी लिहून दे ना यार. नोकरी गेली तर राहशील कुठे? माझ्याकडे?" पहिल्या वाक्याला नूतनने उत्तर दिले, "नाही लिहीत." दुसऱ्या वाक्याचे उत्तर माझ्याकडे होते. ते मी याच कलमाच्या आरंभी दिले आहे. माणूस अन्याय सोसतो तो बहुधा वरिष्ठाच्या भयाने नव्हे. डोक्यावरचे छप्पर जाईल या भयाने. छप्पर वेगळे केले, की वरिष्ठ आपल्या मूळ आकाराचा दिसू लागतो.

३. माझी बँकेतील ठेव शोभाबाईस, आणि कडोदरा येथील कापडाच्या गाळ्यातील माझा हिस्सा कुंदनला. हा मसुदा मी त्याला वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला, "गच्चीची चावी तरी मला राहू दे, पतंगासाठी." संक्रांतीपुरती ती त्याला द्यावी.

४. सरकारी काठी परत गेली. माझी स्वतःची काठी शोभाबाईने पडद्याची दांडी म्हणून बसवली आहे. ती तेथेच शोभते, हलवू नये. बूट कोणालाही देऊ नयेत, चावतात. मानसशास्त्राची पुस्तके खात्याच्या प्रशिक्षण शाळेस द्यावीत. ताणावरील प्रकरण काठीच्या कवायतीआधी शिकवावे, ही विनंती.

५. माझ्या वेळचे एक मोठे जमादार. माझी आलबेल पुढच्याने उचलायचीच नाही, असे त्यांनी ठरवून दिले होते. साखळी माझ्यापाशी तुटे, आणि वर ते विचारीत, "भाऊ, गळामां सूतर भरायुं छे? लूम पर पाछो जा ने!" घशात सूत अडकले असेल तर मागावर परत जा, असा त्याचा अर्थ; माझे वडील मागावर कामाला होते. 'भाऊ' हा आपल्याकडचा मानाचा शब्द त्यांच्या तोंडी शिवी कसा होई, याचे मला आजही नवल वाटते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. मृत्युपत्रात ज्याचे नाव येते त्याला काहीतरी मिळते, अशी लोकांची समजूत असते.

६. अंमलबजावणी हर्षदाताई देवरे यांनी करावी. चौकशीचा निकाल कसाही लागला तरी या पत्रात बदल करू नये. हे कलम लिहून झाल्यावर मी चहा मागवला आणि पुष्कळ दिवसांनी तो गरम असताना प्यालो.

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली व ज्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली:

गणपत इंगळे, शेजारी, माग-कामगार (सही)
रंजना सोळंकी, महिला सिपाही (सही)

योगराज लोटू बाविस्कर (सही)
नवागाम, सुरत. दिनांक १२ जानेवारी २०२५

सहीखालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग धरत नाहीत, असे हर्षदाताई सांगतात. उत्तम, म्हणजे पुढील देणे वारसांपुरते उरत नाही, वाचणाऱ्या कोणालाही घेता येईल. आपल्या घरी कोणी नोकरीवरून आले, की दिवस कसा गेला हे विचारू नका. विचारा, "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" नाव चटकन आले, तर निश्चिंत असा. "भूक नव्हती", "काम होतं" असे काही आले, तर उद्या पुन्हा विचारा. परवाही तेच आले, तर टीव्ही बंद करून शेजारी बसा.