घाईरावाचे शेवटचे भाग

प्रिय दादा,

फोनवर तू "हं, बरं" एवढंच बोलतोस आणि ठेवून देतोस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर न वाचता बाजूला सारशील, पण आलेलं पत्र उघडल्यावाचून तुला चैन पडणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

तुझी भाची नोकरीला लागून वर्ष झालं, पण खोली अजून तशीच. उशीच्या अभ्र्यावर घाईराव, मगवर घाईराव, किल्ल्यांच्या जुडग्याला घाईराव. ऑफिसला जाताना डबासुद्धा कासवाच्या चित्राचा. मी म्हटलं, अगं, लोक हसतील. तर म्हणाली, "हसू देत की, त्यासाठीच तर नेते." घाईत स्वतःचं कवचही मागे विसरून पळणारं बाहुलीचं कासव टीव्हीच्या मालिकेसाठी तुझ्या डोक्यातून निघालं तेव्हा आपल्या बाबांनी कपाळाला हात लावला होता, आठवतं? आता त्याच्या चाहत्यांचं मंडळ आहे. ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतात. परवाच्या रविवारी लेकीने मलाही ओढून नेलं. मी कोण ते कुणालाही सांगायचं नाही, या बोलीवर गेले.

मला वाटलं होतं, सगळी पोरंटोरं असतील. बघते तर मंडळाचा अध्यक्ष एक पोट सुटलेला बसड्रायव्हर! शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एक नर्स, कॉलेजातलं एक जोडपं आणि आणखी बरेच. टेबलावर सगळा बाजार मांडलेला. जुने डबे, चावीची खेळणी, स्टिकर, एक छत्रीसुद्धा. छत्रीवरचा घाईराव चुकून निळा छापला गेलाय, तर तीच म्हणे सगळ्यांत दुर्मीळ. आपण चुकीचा माल परत करतो, हे लोक तो काचेत ठेवतात. मग दातावरून जुंपली. नव्या खेळण्यात त्याला दोन दात दिलेत, खऱ्याला एकच होता, यावर कॉलेजातला मुलगा तावातावाने बोलत होता. तो एक दात कशाचा होता, यावर आणखी वाद. बाई म्हणाल्या शिंपल्याचा, ड्रायव्हर म्हणाला बटणाचा. कवळीच्या उरलेल्या मसाल्यातून तो मी आमच्या दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत घासून काढला होता, हे जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण मी बिस्किट तोंडात कोंबलं. लेक टेबलाखालून मला पायाने ढोसत होती.

नंतर चित्रपटाचा विषय निघाला. तुझ्यामागून दुसऱ्याच्या हाती कासव देऊन काढला, तो. मी तो पाहिलेला नाही आणि तूही पाहिला नसशील. ते म्हणाले, चित्रपट देखणा आहे, कासव छान पळतं, पण बोलायच्या आधी ते विचार करत नाही. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढं कळलं की त्यांना तू हवा होतास. नाव ठाऊक नव्हतं त्यांना तुझं, कारण मालिकेच्या शेवटी नावांच्या पाटीवर तुम्हां सगळ्यांची नावं एकत्रच भरकन सरकून जायची, कासव कोण खेळवतं ते कळायचंच नाही. ते तुला "पहिला हात" म्हणतात.

आणि मग ड्रायव्हरने शेवटचे भाग लावले.

दादा, मी उठून जाणार होते. त्या भागांच्या वेळी तू घरी येऊन जेवायला न बसता खोलीत जायचास, ते मी पाहिलंय. बाहुलीची काडी धरणारा तुझा हात थरथरायला लागला होता. दिग्दर्शक ओरडायचा, तू वेळ मारून न्यायचास. कासव पळायचं थांबलं, हळू चालायला लागलं, आधी एका पंजाने उचलायचं तो चहाचा पेला दोन्ही पंजांत धरायला लागलं. मालिका संपल्यावर तू म्हणालास, "शेवटी मी त्याची माती केली. ते भाग कुणी बघू नयेत." मग तू गाव सोडलंस आणि आम्हीही त्या भागांचं नाव काढलं नाही. घरात दुखऱ्या जागेवरून सगळे पाय उचलून चालतात तसं.

तर त्या हॉलमध्ये ते भाग लागले आणि इतका वेळ भांडणारी माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. त्यांना काहीच माहीत नाही, दादा. त्यांना वाटतं, ते सगळं तुम्ही ठरवून केलंत. ड्रायव्हर मला समजावून सांगत होता, "ताई, आधी तो नुसता धावतो. इथे तो म्हातारा होतो. अशी हिंमत कुठल्या मालिकेने केली सांगा." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मग ती नर्स बोलली. तिच्या वडिलांचे हात थरथरायचे. चहा सांडतो म्हणून ते चारचौघांत कप धरायचे नाहीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. एकदा नातवाबरोबर त्यांनी तो पेल्याचा भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी बाहेर सगळ्यांमध्ये येऊन बसले, दोन्ही हातांनी कप धरला आणि म्हणाले, "आजपासून आम्ही घाईराव." त्यानंतर जाईपर्यंत ते सगळ्यांबरोबरच चहा प्यायले. नर्स हे हसत सांगत होती. मला मात्र तिथे बसवेना. नळावर जाऊन तोंड धुतलं. मी तुझं नाव सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तू ठरव. पण तू ज्याला माती म्हणतोस त्यावर लोकांचं काय उगवलंय, ते तुझ्या कानावर घालायलाच हवं होतं.

आता खरं कारण. हे सगळं मी तुला फोनवरही कसंबसं सांगितलं असतं. पण पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलतो. आधी वाटलं दमणूक असेल. मग एक कवळी घासताना कानस सटकली, आणि आठवड्याने दुसरी. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी तुझं नाव घेतलं. लेकीला अजून सांगितलेलं नाही, दवाखान्यातही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, व्यायाम सांगितलाय, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कसं जायचं, ते त्यांना ठाऊक नाही. तू गेला होतास. शेवटच्या भागापर्यंत रोज गेला होतास. तेव्हा तुला विचारायला हवं होतं, "कसं करतोस रे?" तेव्हा धीर झाला नाही, आता विचारते. शनिवारच्या दुपारच्या गाडीने येतेय. "नको, कशाला" असं कळवू नकोस, मी ऐकणार नाही. मला फक्त तुझ्याशेजारी बसायचंय आणि तुला दिसेल असा हात समोर ठेवायचाय.

तुझीच,
धाकटी