रुग्णवाहिकेचे फोन पहिल्या क्रमांकावर घेण्याबाबत

दिनांक: १४ जून

प्रति,
मा. संचालक,
रुग्णवाहिका नियंत्रण केंद्र

विषय: स्विचमधील प्राधान्यक्रम तातडीने बदलणे.
संदर्भ: आपला चौकशी अहवाल ('सेवा एक मिनिटही बंद पडली नाही').

महोदय,

मी आपल्या केंद्राचा निलंबित नेटवर्क तंत्रज्ञ. निलंबनाबद्दल तक्रार नाही. माझा थोरला भाऊ गेला, त्याबद्दल आहे.

१. केंद्राला दोन लाइन आहेत, फोन आणि व्हिडिओ सगळे त्यांवरूनच जाते. दुसरी पूर्वी राखीव असे. पहिली तुटली तरच स्विच, म्हणजे लाइनवरचा भार वळवणारे यंत्र, सगळे तिच्यावर नेई. तपासणीत 'ही लाइन बसून खाते' असा शेरा आला आणि दोन्हींवर निम्मा-निम्मा भार टाकायचा आदेश निघाला. जागा मोकळी दिसली म्हणून आणखी कामे चढवली. दोन्ही भरल्या. राखीव लाइन आता फक्त कागदावर आहे.

२. लाइनवर गर्दी झाल्यास आधी कोणाला पुढे जाऊ द्यायचे, याची यादी आपल्या कार्यालयाने हुद्द्याप्रमाणे केली. पहिली आपली व्हिडिओ बैठक. रुग्णवाहिकेचे फोन पाचवे, कारण ऑपरेटर कंत्राटी. ती यादी स्विचमध्ये मीच भरली. तेव्हा मनात हसलो, तोंड उघडले नाही. याची मला लाज वाटते.

३. गेल्या महिन्यात एका सकाळी खोदकामात एक लाइन तुटली. स्विचने तीन सेकंदांत सगळा भार दुसरीवर नेला आणि यादी इमानेइतबारे पाळली. आपली बैठक स्वच्छ दिसत होती. त्याच वेळी भावाच्या छातीत कळ आली म्हणून वहिनींनी फोन केला. फोन लागला, पण शब्द तुटत होते. त्यांनी पत्ता चारदा सांगितला. ऑपरेटरला नुसते 'लवकर या' ऐकू आले. गाडी कुठे पाठवणार? भाऊ घरातच गेला. अहवाल म्हणतो ते खरेच आहे, सेवा चालूच होती.

४. लाइन जोडली गेली, यादी तीच आहे. आदेशाविना ती बदलायला गेलो म्हणून निलंबित झालो, माझा पासवर्ड बंद आहे. नव्या तंत्रज्ञाच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "लेखी आदेश आणा, नाहीतर माझीही तुमच्यासारखीच गत व्हायची." त्याचे चूक नाही. बदल दोन ओळींचा आहे. पंचवीस दिवस झाले.

मला कामावर घेऊ नका, हवे तर बडतर्फ करा. पण आधी यादी बदला.

उत्तर कृपया घरी पाठवू नये, मी येऊन घेईन. टपाल वहिनी उघडतात. यादी कोणी भरली, हे त्यांना अजून ठाऊक नाही. मी सांगणार आहे. सांगताना निदान ती बदलली, एवढे तरी म्हणता यावे.

आपला नम्र आणि दोषी,
(सही)
नेटवर्क तंत्रज्ञ, निलंबित

सोबत: स्विचमध्ये भरायच्या दोन ओळी, सुवाच्य अक्षरात.