दोरांखालचा दुपट्टा
गुरुवार, संध्याकाळ, ब्रह्मपुरी

मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून माझी ती दांडगी मोटरसायकल आज गावाहून पिकअपनं खोलीवर आणली. बाबांनी पिकअप धानाच्या बांधाला उलटी लावायला सांगितली आणि बांध नि पिकअपचा मागचा भाग एका उंचीला आल्यानं मोटरसायकल सरळ आत गेली. टाकीला ओरखडा नको म्हणून दोरांखाली स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा घातला. मी पडले त्या दिवशी "विकून टाक" म्हणणारे हेच बाबा! आणि स्वतःचा दुपट्टा?

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पुढं बसा ना."

"नाई, गाडी हालते."

अख्खा रस्ता ते मागंच, गाडीला धरून बसले. मले काऊन रडू आलं?

गावी परतायला बसस्टँडवर निरोप घेताना बाबा म्हणाले, "हात बरा झाला का मले तुह्या गाडीवर फिरवजो."